दोरीच्या मापाची सायकल

भाऊजी वारले तेव्हा मी शाळेत होते. निरोप आला. मी पोरांना सोडलं आणि सायकलवरून घरी आले.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. परक्या माणसाच्या अंगाकडे इतकं टक लावून पाहणारा आणि तरीही कधी मार न खाल्लेला दुसरा गृहस्थ अख्ख्या लातुरात झाला नसेल. गोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुष्काळात घागरींना गिऱ्हाईक रांगेनं यायचं, पण घागर दाखवायची सोडून ते पाणी कशावरून नेणार हेच आधी विचारायचे. गिऱ्हाईक सायकल म्हणालं की त्याला बाहेर उभं करून खालून वर न्याहाळायचे आणि त्याच्या सायकलीबद्दल हळहळायचे. सायकल माणसासाठी घ्यावी, घागरीसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. नवी सायकल घ्यायला कोणी सोबत नेलं, की घेणाऱ्याला स्टँडवरच्या सायकलीवर बसवायचे आणि चहा येऊन संपेपर्यंत उतरू द्यायचे नाहीत. तो रंग, घंटी, दिवा पाहू लागला की म्हणायचे, "डोळ्याला काय इचारतूस? बुडाला इचार." टिकाऊपणाची परीक्षा याहून कडक. त्यासाठी कॅरियरला बांधायला ते दुकानदाराकडे भरलेल्या दोन घागरी मागत. त्या दिवसांत पाण्याच्या दोन घागरी मागणं म्हणजे सायकल फुकट मागण्यासारखंच होतं.

उदगीरच्या एका लग्नात बुटक्या नवरदेवाला सासऱ्यानं चोवीस इंची सायकल दिली होती. हातात अक्षता घेऊन भाऊजी वधूपित्याला म्हणाले, "पोरगं हाय का बांबू? बावीसची आणा, न्हाईतर जावई जलमभर एका कुल्ल्यावर बसंल." सायकल बदलून आली, मगच ते पंगतीला बसले.

माझ्याकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. मी धाकट्या भावाची बायको, नांदेडहून आलेली. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ते माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलायचे, तेही "म्हणावं, चहात साखर कमी हाय" असं.

पुढे लातूर जिल्हा झाला, नव्या जागा निघाल्या आणि मला दीड कोसावरच्या गावात मास्तरकी मिळाली. एसटी पोचायची शाळा भरल्यावर. दोनदा उशीर झाला. आता झाला तर वर कळवीन, असं हेडमास्तरांनी सांगितलं. नोकरी सुटली तर सासूबाईंना हवंच होतं. सायकल हा एकच मार्ग होता. पण लहानपणी भावाची सायकल शिकताना पडून माझा हात मोडला होता, आणि त्या धास्तीनं मी पुन्हा सायकलला हात लावला नव्हता. शिवाय घरातल्या एकमेव जाणकाराला माझं माप घ्यायची सोय नव्हती.

एका सकाळी भाऊजी परसात टेप घेऊन उभे. सासूबाईंनी विचारलं, "काय मोजायलास रे?"

"सायकल."

"ही धुण्याची दोरी हाय."

"ही तुझी. ती त्यांनी बांधलेली. तुझ्याहून ईतभर खाली हाय."

पलीकडची दोरी मी बांधली होती, माझा हात पोचेल तेवढ्या उंचीवर. मग उंबऱ्याजवळच्या माझ्या चपला त्यांनी उलट्या करून पाहिल्या. पोरानं धुणं बघून सायकल आणली, असं सासूबाई शेजारणींना कितीतरी दिवस सांगत होत्या.

सायकल आली. बिनदांडीची, रुंद स्प्रिंगांच्या सीटची. नवऱ्यानं ती धरली, भाऊजी लिंबाकडे तोंड करून उभे राहिले. मी बसले. आणि पहिल्यांदाच त्यांनी "म्हणावं" न लावता विचारलं, "पाय टेकतेत का?"

"टेकतात."

"मग बरं हाय. सीट खाली हाय, गुडघं दुखतील. दुखू द्या. भीती गेली की वर घ्या."

गुडघे दुखले. शाळेत मी वेळेवर पोचू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एके दिवशी मी पाना घेतला आणि सीट दोन बोटं वर केली. कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी भाऊजी जिलेबी घेऊन आले. ही कशाची, असं सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, गरम होती म्हणून आणली.

परवा भाऊजींची धाकटी मुलगी माझ्याजवळ आली. तिला कॉलेजला जायला सायकल घ्यायची आहे. म्हणाली, "काकू, मला कोणची बसंल?" मी तिला दारात उभं केलं आणि खालून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही कळलं नाही.

मला सायकल निवडता येत नाही. चालवता येते.