गजालाची चावी

गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडातला कापूस उभ्यानं पोखरला, त्या सालची गोष्ट. बाळापूरची गजाला तेव्हा अकोल्यात एका छोट्या संस्थेची वेबसाइट सांभाळायची. घरात तोंड उघडता येत नाही अशा बाया त्या साइटवर आपलं दुःख लिहीत. मग पार्वताबाई, संस्थेतल्या जुन्या समुपदेशक, त्यांना त्याच साइटवरून उत्तर देत.

साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट संपत आलं होतं. नवं मागवायचं म्हणून गजालानं तिच्या आधी हे काम पाहणाऱ्या, आता पुण्याला गेलेल्या बंडूला फोन लावला. जुना अर्ज त्यानंच केला होता. बंडूनं सहज सांगून टाकलं की, त्यानं एका फुकटच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव भरलं आणि त्या वेबसाइटनंच अर्ज अन् त्याच्या जोडीची चावी बनवून दिली.

गजालानं फोन ठेवला. अर्ज सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला द्यायचा असतो. चावी, म्हणजे साइटची ओळख पटवणारा गुप्त संकेत, मात्र आपल्या सर्व्हरवर बनते आणि तिथून हलत नाही. ती दुसऱ्यापाशी असेल, तर त्याला संस्थेच्या नावानं हुबेहूब खोटी साइट उभी करता येते आणि बाया आपलं समजून त्याच्यापुढं मन मोकळं करतात. गेलं वर्षभर ती चावी कुठल्या कोण परक्याकडं होती.

नवं सर्टिफिकेट येईपर्यंत साइट बंद ठेवू, असं तिनं सांगितलं. संस्था चालवणारे वामनराव म्हणाले, वर्षभर काही बिघडलं नाही, आता ऐन अडचणीच्या दिवसांत साइट बंद कशाला? त्यांचंही खोटं नव्हतं. रोज नवी बाई लिहीत होती. गजाला खुर्चीवरून उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा बसली.

"भाऊ, दार उघडं हाय हे मले मालूम झालं. आता या बायाईले आत या कसं म्हनू?"

वामनरावांनी होकाराची मान हलवली. 

तिनं साइट बंद केली आणि तिथं फक्त पार्वताबाईंचा मोबाइल नंबर ठेवला. संस्थेच्या सर्व्हरवर नवी चावी बनवली, तिच्यावरून नवा अर्ज केला. नाव, गाव, जिल्हा, एकेक अक्षर तपासलं. अर्ज तेवढा कंपनीला धाडला आणि जुनं सर्टिफिकेट रद्द करायला सांगितलं. पण कंपनी पडताळणीचा फोन संस्थेच्या नोंदीतल्या जुन्या नंबरावरच करणार, आणि तो नंबर कधीचा मुका झालेला. वामनराव टेलिफोन ऑफिसात धावले. दिवस तसाच गेला.

गजालाचा जीव परतवाड्याकडच्या मनकर्णात अडकला होता. मनकर्णा रोज दुपारी लिहायची. आदल्या दिवशी तिनं लिहिलं होतं की आता जगावंसं वाटत नाही. फोन ती करणार नाही. घरात भिंतींनाही कान. गजाला म्हणाली, मी परतवाड्याची बस धरते. पार्वताबाईंनी तिचा हात धरला.

"पोरी, आपण तिच्या दारात गेलो का तिची गोष्ट साऱ्या गावाची झाली. पन जीवाचंच आलं, तं मी सोता जाईन तुयासंगं. उद्या दुपारलोक वाट पाहू."



दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा फोन जिवंत झाला, पडताळणी झाली, सर्टिफिकेट आलं. तिनं ते बसवलं, साइट उघडली आणि पार्वताबाईंशेजारी बसून राहिली. दुपार झाली. मग मनकर्णाचे शब्द आले: काल बंद कावून होतं?

पार्वताबाईंनी गजालाकडं पाहिलं. गजालानं खरं तेच लिहायला सांगितलं. जरा वेळानं उलट प्रश्न आला: मंग माहं कोनी वाचलं असन काय?

वाचलं की नाही, ते पुढंही कधी कळलं नाही. "मालूम नाही," एवढंच तिनं लिहायला लावलं. पलीकडं सामसूम झाली. पार्वताबाईंनी चपला घातल्या. गजालानं बसची वेळ पाहिली. तेवढ्यात अक्षरं उमटली.

"मी अकोल्याले येतो. तोंडानंच सांगतो."

मनकर्णा आली. माहेरी जाते असं घरी सांगून आली होती. पार्वताबाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लागलं, तरी गजाला बराच वेळ बाहेर येरझारा घालत राहिली.