निवव्यांची थोरली

महंतबाईंना बसलेलं मी जवळजवळ कधी पाहिलं नाही. समोर खुर्ची असायची, चहा असायचा, आम्ही सगळे ऐसपैस बसलेलो असायचो आणि या बाई दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत असायच्या. हातात सतत काहीतरी हवं. पडद्याची दोरी, शेंगांची टरफलं, नाहीतर सापशिडीचा फासा. "अहो, टेका ना जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "टेकलं की गोष्ट थांबते." त्यांचे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला होते. रविवारी दुपारी ते आतल्या खोलीत झोपेची थकबाकी वसूल करत असायचे. तिथूनच ओरडायचे, "हिच्या पायाला भिंगरी आहे. तुम्ही नादी लागू नका!"

महंत म्हणून त्यांना कुणी गादीवर बसवलेलं नव्हतं. नाशिकरोड भागात घरोघर जाऊन त्या रक्ताचे नमुने घ्यायच्या. पहाटेपासून स्कूटी, पाठीला बॅग, डोक्याला स्कार्फ. आमच्याकडे आईच्या शुगरसाठी यायच्या. आई सुईला इतकी घाबरायची की आदल्या दिवसापासून जेवणाची चव जायची तिची. महंतबाई हाताला पट्टा बांधता बांधता आधी स्वतःचंच काहीतरी सांगायच्या. "आज माझी पाठ धरलीय बघा, स्कूटीनं पार खिळखिळी केलीय," असलं काही. मग एखाद्या दूरच्या ग्रहावरच्या वैद्यांची गोष्ट सुरू करायच्या आणि आई "मग?" म्हणेपर्यंत नळी भरलेली असायची. एकदा आईआधी मीच "मग?" म्हटलं. तिथून मी त्यांच्या रविवारच्या दुपारींमध्ये अडकले.

त्या गोष्टीत तारे विझत चाललेले होते. ग्रहाग्रहांवर काजळा नावाचा आजार पसरलेला होता आणि तो झालेलं माणूस आतून अंधारत जायचं. त्याच्यावर इलाज फक्त निवव्यांकडे होता. निववे म्हणजे करड्या कफन्या घालणारे, शस्त्राला हात न लावणारे, 'घागर' नावाच्या गळक्या यानातून हिंडणारे वैद्य. त्यांचा आखाडा होता आणि त्याची मुख्य होती थोरली. थोरलीच्या तोंडचं सगळं महंतबाईच बोलायच्या, म्हणून आम्ही त्यांना महंतबाई म्हणू लागलो. आखाडाच का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, सिंहस्थाला इतके आखाडे पाहिले लहानपणी. म्हटलं, आपला एक दवापाण्याचा असू दे."

खेळ साधा होता. गोष्ट त्या सांगणार, त्यातले निववे आम्ही होणार आणि अडलं की फासा टाकायचा. आम्ही म्हणजे मी आणि नितीन. विंचूरच्या वाइन पार्कात आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला. नितीन येवल्याचा, घरी पैठणीचा माग. रविवारी एसटीनं यायचा आणि आल्या आल्या घाई करायचा. स्वतः इतका उतावळा, पण त्यानं निवडलेला निववा होता कासव नावाचा. म्हातारा, सावकाश चालणारा, एकेका शब्दाला वेळ घेणारा. नितीन कासवाचं बोलायला लागला की त्याचा स्वतःचा आवाजही खाली यायचा, आणि मला तो तेव्हा जास्त आवडायचा.

निवव्यांचा एक नियम होता, आणि महंतबाई त्या बाबतीत कडक होत्या. आजाऱ्यावर तळहात ठेवण्याआधी निवव्यानं स्वतःचं एक दुखणं सांगायचं. खरं. मोठ्यानं. "आधी आपलं, मग त्याचं." खोटं सांगितलं तर निवव्याचा तळवा करपतो आणि आजारी दगावतो. यात फासाबिसा नाही. आणि हे दुखणं गोष्टीतलं चालायचं नाही, खेळणाऱ्याचं स्वतःचं लागायचं. नितीन पहिल्यांदा म्हणाला, "माझा बूट चावतोय." मला वाटलं बाई चिडणार. त्यांनी विचारलं, "खरं आहे ना?" नितीननं टाच दाखवली. "मग चालेल," म्हणाल्या आणि एका ग्रहावरची सगळी पोरं बरी केली.

मी एकदा शेजारच्या काकूंचं दुःख माझं म्हणून खपवायला गेले होते. सुनेनं घर सोडल्याचं, चांगलं रंगवून सांगितलं. महंतबाई फेरी मारता मारता थांबल्या. "हे कुणाचं? परत करून ये. उसनं चालत नाही इथं." मग मला टीव्हीशेजारच्या बाबांच्या चष्म्याचं सांगावं लागलं. बाबा गेल्यापासून तो तिथंच आहे, आई रोज त्याच्याभोवतीची धूळ पुसते, चष्मा उचलत नाही आणि आम्ही दोघी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. सांगताना मला भयंकर राग आला होता. त्यांचाच. पण घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "चष्म्याची काच साफ करायची का गं?" आणि आम्ही दोघी पहिल्यांदा बाबांबद्दल बोललो. नितीननंही पुढे कधीतरी सांगितलं, की वडील एकटे मागावर बसले की धोट्याचा आवाज त्याला ऐकवत नाही, म्हणून तो घरात थांबत नाही.

आम्ही असे रविवारमागून रविवार उघडे पडत होतो आणि बाई मात्र दारापासून खिडकीपर्यंत. थोरलीवर कुणाला बरं करायची पाळी त्या येऊच द्यायच्या नाहीत. मी एकदा टोकलंच, "तुमचं कधी कळणार?" त्यांनी फासा हवेत उडवून झेलला. "मी सांगणारी आहे. सांगणारीला लागत नाही काही." हे त्या इतक्या झटकन म्हणाल्या की मला ते पटलं नाही. बरं, त्या काही हसतखेळत फिरायच्या असंही नाही. त्यांच्या फेऱ्यांनी मलाच अस्वस्थ व्हायला व्हायचं. ही बाई आपल्याला कंटाळलीय, हिला कुठंतरी पळायचंय, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

मग कासवाला काजळा झाला. एका निर्जन चंद्रावर तो पडून होता, माझी निववी भलतीकडे अडकलेली, आणि फासा प्रत्येक वेळी वाकडा पडत होता. नितीननं कासवाला दोन वर्षं जपलेलं. तो खुर्चीच्या टोकाला येऊन म्हणाला, "थोरलीला बोलवा ना मग. थोरली तर येऊ शकती!"

महंतबाई खिडकीशी गेल्या. येताना पडद्याची दोरी बोटांना गुंडाळत आल्या. "आली थोरली," म्हणाल्या. "आणि थोरली म्हणते, माझे गुडघे दुखतात."

आम्ही वाट पाहत राहिलो. तेवढ्यावर त्या निभावून नेऊ शकल्या असत्या. गुडघे कुणाचे दुखत नाहीत? नितीनच्या चेहऱ्यावर हसू यायलाही लागलं होतं. पण त्या दोन फेऱ्या मारून थांबल्या आणि म्हणाल्या, "खोटं आहे. गुडघे ठणठणीत आहेत माझे. गेला तुझा कासव."

"गेला म्हंजे?"

"नियम आहे."

"तुमीच खोटं बोलायचं आन् माझा मानूस मारायचा? लय भारी नियम हाय!" नितीननं पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. कामावरही माझ्याशी महंतबाईंचा विषय काढेना.

त्याच आठवड्यात त्या आईचं रक्त घ्यायला आल्या. त्या दिवशी गोष्ट नव्हती. शीर सापडली नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागलं, तरीही नाही. आई बिचारी डोळे मिटून म्हणाली, "घ्या, घ्या, माझीच शीर चोर आहे." महंतबाईंनी सुई बाजूला ठेवली. त्यांचा उजवा हात क्षणभर सोफ्याच्या हातावर नुसता पडला आणि आपोआप थरथरायला लागला. अंगठा बोटावर घासल्यासारखा हलत होता. त्यांनी लगेच कापूस उचलला आणि थरथर गेली. पण मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

जिन्यात त्या स्वतःहून बोलल्या. "स्वस्थ ठेवला की हलतो. कामात असला की गप्प बसतो. आजवर सुईच्या वेळेला कधी हलला नव्हता." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. ते त्यांनी मिस्टरांनाही सांगितलेलं नव्हतं. "एकदा बोलले की संपलं. असा हात पाहून सुईसाठी दंड कोण पुढं करील माझ्यासमोर? आणि सुई गेली तर मी दिवसभर करू काय गं? बसू?" त्या फेऱ्या, ती दोरी, ती टरफलं, सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. मी बिनडोकासारखी त्यांना कंटाळलेली समजत होते. मला त्यांना मिठी मारायची होती, पण त्या तोवर दोन पायऱ्या उतरलेल्या होत्या.

रविवारी त्यांनी आम्हा दोघांना फोन करून बोलावलं. नितीनला मी अक्षरशः ओढून आणलं. आम्ही गेलो तर महंतबाई खुर्चीत बसलेल्या. दोन्ही हात टेबलावर, मोकळे. उजवा हात फाशाशेजारी थरथरत होता आणि त्या तो लपवत नव्हत्या.

"थोरलीचं सांगायचं राहिलंय," म्हणाल्या, आणि सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. सुई बंद होणार म्हणाल्या. भीती वाटते म्हणाल्या. तेवढंच, पण सलग.

आतल्या दारात मिस्टर उभे होते. कधी उठले कोण जाणे. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमची नाइट होती," त्या म्हणाल्या. त्यावर ते माणूस स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलं.

नितीन त्या हाताकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "आता तर खरं सांगितलं ना तुमी. मग कासव?"

"कासव गेला रे. मी उशीर केला."

"जाऊ द्या," नितीन म्हणाला. कासवाच्या आवाजात म्हणाला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

त्यानंतर त्या आपल्या सगळ्या पेशंटांकडे स्वतः गेल्या, हात दाखवला आणि यापुढं दुसरी मुलगी येईल असं सांगून आल्या. आईनं त्यांना जेवायला ठेवून घेतलं. मिस्टर निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडे सोलापूरला गेली. सामान भरायला आम्ही होतो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणलेला, त्यामुळे टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबला, आणि महंतबाई प्रत्येक खोक्यामागं हेलपाटे घालत होत्या. या खेपेला त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

आता रविवारी दुपारी फोनवर खेळतो. त्या फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात, हात समोर दिसतो. परवा नितीननं सांगून टाकलं, "महंतबाई, आखाड्यात नवा नियम केलाय. आता सगळ्याच निवव्यांचे हात हलत्यात."

"गाढवा," त्या म्हणाल्या, "उसनं चालत नाही, किती वेळा सांगू?"

मग माझी पाळी आली. एका ग्रहावर एक म्हातारी अंधारत चालली होती आणि माझ्या निववीनं तिच्यावर तळहात ठेवायचा होता. आधी आपलं. मी पुष्कळ शोधलं. कामावरचं एक होतं, दाढेचंही एक होतं.

"तुम्ही नाशकात नाही," मी म्हटलं.

फोनमधला हात तसाच हलत होता.

"खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे."

"मग चालेल," म्हणाल्या. "ठेव हात."