करवतीची तिरकी सुई

गल्लीत त्याला सगळे करवत म्हणत, अर्थात पाठीमागे. जातानाही कापते, येतानाही कापते, तसली जीभ. गिऱ्हाईक दारात आलं की 'या, बसा' नाही, तर 'काय वाट लावलीत याची?' हाच रामराम. पण रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारा अख्ख्या शहरात तो एकटाच उरला होता. लोक शिव्या खायचे आणि पुन्हा यायचे. अडला हरी, दुसरं काय!

दुकान म्हणजे एकच खोली, मधे पडदा. अलीकडे त्याचं टेबल, पलीकडे बायकोचं शिलाई मशीन. दोघांचं सरळ बोलणं कधीच बंद पडलं होतं. मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. टेबल पुसताना बायकोच्या हातून प्लेअरची एक नवी कोरी सुई मोडली. त्यानं गिऱ्हाइकांदेखत तोंड सोडलं, "हात आहेत की फावडी? पुन्हा माझ्या टेबलाला बोट लावशील तर याद राख!" तिनं फडकं तिथंच टाकलं. त्या दिवसापासून टेबलाला बोट नाही आणि नवऱ्याशी शब्द नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची, "कुणीतरी सांगा, ताट वाढलंय." हा काय कमी वस्ताद? "सांगा तिला, भूक नाही." मुलगी घरात होती तोवर निरोप पोचवायची. ती सासरी गेली आणि सगळा भार भिंतीवर आला.

आता त्याचे डोळे अधू झाले होते. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदाच झिजलाय, सरळ रेघ वाकडी दिसेल, बारीक काम सोडा. करवतीनं डॉक्टरचीच अक्कल काढली आणि घरी आला. त्याचं निम्मं काम रेघांवर चालायचं. प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला कार्ट्रिज असते, सुई धरणारी नखाएवढी डबी. तिच्याखाली रेघा आखलेला कागद ठेवायचा, सुई ठिपक्यावर टेकवायची आणि डबीच्या कडा रेघांशी जुळवून स्क्रू आवळायचे. तिरकी बसली तर सुई तबकडी कुरतडते. अलीकडे रेघा मधेच पोट काढायच्या. "कागदसुद्धा धड छापता येत नाही मेल्यांना!" म्हणून त्यानं किती कागद फाडले. उरलेल्या वाकड्या रेघांना बघून तो डब्या बसवत राहिला.

मग एका दुपारी गाण्याच्या बाई आल्या. वय झालेल्या, पण आवाज कडक. प्लेअर टेबलावर आदळला.

"तुम्ही बसवलेल्या सुईनं माझी तबकडी खरवडून काढली. दोनच होत्या. माझ्या तरुणपणच्या आवाजाच्या. आता गळा गेला, उरली ती एकच तबकडी. माझ्यासमोर बसवा. चुकलात तर प्लेअर उचलेन आणि भेटेल त्याला सांगेन, करवत आंधळी झाली म्हणून."

तोंडावर करवत! नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या. पण त्याहून खोल भीती वाटली. हे टेबल गेलं तर आपण कोण? नुसता एक तिरसट म्हातारा.

त्यानं भिंग लावलं. रेघा नाचल्या. त्यानं अंदाजानं डबी फिरवली.

पडद्याआडचं मशीन थांबलं. पडदा जरासा सरकला होता. "कुणीतरी सांगा, डावीकडे झुकलंय."

"सांगा तिला, काजं कर गुपचूप!"

बाई वाकल्या. "अहो, खरंच झुकलंय."

त्यानं रागानं स्क्रू आवळायला घेतला. स्क्रू निसटला आणि फरशीवर कुठंतरी गेला. तो गुडघ्यावर बसून चाचपडू लागला, आणि त्याच्या नाकापुढून बायकोनं तो उचलला. ती टेबलाजवळ उभी राहिली. स्क्रू मुठीत, बोट टेबलाला नाही. बाई एकदा याच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे.

"सांगा तिला," तो फरशीकडे बघत म्हणाला, "टेबलाला बोट लावलं तरी चालेल."

ती बसली. आयुष्य सुईत दोरा ओवण्यात गेलेली बाई, तिला काय जड? डबी हलवली, वाकून पाहिलं, पुन्हा केसभर हलवली, स्क्रू आवळले. तबकडी फिरली. आवाज आला तो असा लख्ख, की गाण्याच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय हात आहे हो तुमचा!" त्या बायकोला म्हणाल्या.

तेवढं त्याला सोसवलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जाईल कसा?

"तिचा कसला हात? मी सांगत गेलो, तिनं फिरवलं."

सांगितलं त्यानं काडीचं नव्हतं, हे बाईंनाही दिसलं होतं. बायकोनं स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग उठली आणि पडद्याआड गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक प्लेअर आला. गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं, घाईत. करवतीनं कागद मांडला. आज ठिपकासुद्धा सापडेना.

"सांगा तिला, जरा बघून जा."

मशीन चालूच.

"सांगा तिला, सुई बसवायचीय."

मशीन चालूच. गिऱ्हाइकानं घड्याळ पाहिलं.  भिंतीकडून करवतीनं तोंड पडद्याकडे वळवलं, आणि इतक्या वर्षांनी सरळ हाक मारली.

"अगं, ऐकतेस का? ये ना जरा. मला दिसत नाही गं."

मशीन थांबलं.

"कुणीतरी सांगा यांना," पडद्याआडून आवाज आला, "फावडी कामात आहेत."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.