सुधीरकडे जायचंय

पास्कलदादा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते, आणि मी आधी काय केलं असेल, तर घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला वालीवच्या एका कारखान्यात माझी मीटिंग होती. "सुधीर, तुझे दादा गेले रे. सकाळी उठलेच नाहीत," रेजिनावहिनी सांगत होत्या. त्या पुढेही काहीतरी बोलल्या असणार. माझ्या डोक्यात मात्र चाललं होतं की मीटिंग वेळेत आटोपली तर दुपारच्या दफनविधीला पोचता येईल का... त्या सकाळीला आता सहा आठवडे झाले. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या माणसाने मला दिवस कसा उभा करायचा ते शिकवलं, त्याच्या जाण्यालाही मी माझ्या दिवसात जागा शोधत होतो.

पास्कलदादा आणि मी वालीवच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एकत्र होतो. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचं काम. ते टूलरूमचे प्रमुख, मी लेथवर. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा काळ असेल. एका सोमवारी आम्ही गेलो तर दाराला कुलूप आणि वर चिकटवलेला कागद. चोवीस माणसं उन्हात उभी राहिली, मग एकेक करून पांगली. दादा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी विचारलं, "दादा, तुम्ही काय करणार?" म्हणाले, "मला काय रे, वाडीत ढीगभर काम पडलंय." कळंबच्या वाटेवर त्यांचं घर, मागे केळी आणि फुलांची वाडी. मला त्यांचा हेवा वाटला होता.

मी नालासोपाऱ्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये येऊन आडवा झालो, तो उठेचना. पहिला आठवडा नोकरी शोधली. नंतर शोधायला जातो म्हणून सांगायचो आणि जिन्यावरून परत यायचो. मनीषा, माझी बायको, बालवाडीत शिकवायची. ती मुलीला घेऊन बाहेर पडली की मी पुन्हा गादीवर. दाढी वाढली. अंघोळ दुपारी, कधी तीही नाही. एक दिवस संपवणं एवढंच काम उरलं होतं, आणि तेही जमत नव्हतं.

अशात एका सकाळी सहाला दार वाजलं. दादा. सायकलवरून आलेले, इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. त्यांनी खिशातून पितळेचा एक जुना नळ काढून टेबलावर ठेवला. "हे काढ."

"काढ म्हणजे?"

"कागदावर काढ. वरून, समोरून, बाजूने. मापं घालून. तुला ड्रॉइंग शिकायचं होतं ना? जेवणाच्या सुट्टीत सारखा म्हणायचास. मी उद्या याच वेळेला येतो."

मी नळाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ते आले, कोरा कागद पाहिला. चहा प्यायले, पंधरा मिनिटं बसले आणि गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. रागावले असते तर मी भांडलो असतो. पाचव्या दिवशी मला त्या कोऱ्या कागदाची लाज वाटली आणि पहाटे उठून मी नळ काढला. त्यांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. "गोलाई चुकलीय," म्हणाले आणि दुसऱ्या खिशातून कुकरची शिटी काढली.

तिथून ते सुरू झालं. सायकलच्या पेडलचं बेअरिंग, दाराची कडी, शिवणयंत्रातली बॉबिन-केस, पंपाचा वॉशर. रोज एक वस्तू. एकदा कळंबच्या किनाऱ्यावरचा शिंपला आणला. मी म्हटलं, "याला मापं कशी घालू?" तर हसून म्हणाले, "तेच तर बघायचंय मला." त्यांचे नियम थोडे होते, पण पक्के. गादीवर बसून काम करायचं नाही, खुर्चीवर बसायचं. बसायच्या आधी तोंड धुवायचं, केस विंचरायचे. पेन्सिल आदल्या संध्याकाळी टोकदार करून ठेवायची, म्हणजे सकाळी सबब उरत नाही. एकदा मी म्हटलं, "दादा, मनच लागत नाही." तर म्हणाले, "मन उशिरा येणारं गिऱ्हाईक आहे. आपण दुकान उघडून बसायचं."

चार महिन्यांनी मात्र माझा बांध फुटला. आणखी एका ठिकाणाहून नकार आला होता. दादांनी टेबलावर ठेवलेला खिळा मी भिंतीवर फेकला. "कशासाठी हे सगळं? कोण बघणार आहे?" आत स्वयंपाकघरात मुलगी रडायला लागली. दादा वाकले, तो खिळा शोधला, पुसला आणि परत टेबलावर ठेवला. "माझ्यासाठी काढ," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, समजूत घालताहेत.

दीड वर्षाने मी वालीवमधल्या एका डिझाइन ऑफिसात ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी पाचशेच्या आसपास कागद उलटले, प्रमाणपत्र विचारलं नाही. पहिल्या दिवशी कामावर निघालो तेव्हा दादा खाली सायकल धरून उभे होते. त्यांनी माझी कॉलर नीट केली.

नोकरी लागली तरी ते येत राहिले. सहाला चहा, एक वस्तू, पंधरा मिनिटं. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकलो, पुढे नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, मोठी जागा घेतली, दोन माणसं ठेवली. पाचला उठायचं, सहापर्यंत दिवसभराच्या कामांची यादी, साडेसहाला काम सुरू. एका प्रशिक्षण संस्थेत मला रोजच्या सवयींवर बोलायला बोलावलं, तेव्हा मी 'एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा' उल्लेख केला. नाव घ्यायचं मला सुचलं नाही. टाळ्या मात्र घेतल्या.

आणि एका सकाळी दादा समोर बसलेले असताना, हातातल्या यादीवरची नजर न काढता मी म्हणालो, "दादा, आता कामं फार वाढलीत. रोज नको... रविवारी येत जा ना निवांत."

"हो हो, बरोबर आहे. मलाही वाडीत तेवढाच वेळ मिळेल." कप उचलून मोरीत ठेवला. चपला घातल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही. काही रविवार ते आले. दोनदा मी बाहेर होतो. मग ते यायचे थांबले, आणि ते थांबले हे माझ्या लक्षात यायला मला महिना लागला. एकदा फोन केला तर म्हणाले, "छान चाललंय तुझं, ऐकतो मी. चालू ठेव." त्याला दोन वर्षं झाली असतील.

लांबलेली मीटिंग उरकून मी दफनविधीला पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती.

आठव्या दिवशी वहिनींना भेटायला गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो होतो, दोन्ही वेळा नाताळला. वहिनी पडवीत बसल्या होत्या. घरात त्यांची वसईकडची बोली, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आता वाडीचं कोण बघणार?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "वाडी? वाडी त्यांच्या भावांनी केव्हाच वाटून घेतली, सुधीर. वर्कशॉपच्या नोकरीमुळे ह्यांनी आपला हिस्सा धाकट्याला कसायला देऊन टाकला होता. परत कसा मागणार? ह्यांना तिथं काहीच काम नव्हतं."

"पण ते तर म्हणायचे..."

"कंपनी बंद पडली ना, तेव्हा तेही आठ-नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवायला उठवावं लागायचं. मग एके दिवशी साडेचारला उठून दाढी करायला बसले. मी विचारलं, कुठं चाललात? म्हणाले, सुधीरकडे जायचंय. तो पोरगा बिघडेल नाहीतर." वहिनी थोडं हसल्या. "मग रोजच. संध्याकाळी घरभर शोधायचे, उद्या सुधीरला काय नेऊ. माझ्या मशीनची बॉबिन-केस नेली होती, चार दिवस शिवण बंद. तुझ्याकडून निघाले की कुणाचा पंप बघ, कुणाची सायकल बघ, असं करत दुपारी घरी यायचे. एकदा बाहेर पडलेला माणूस, त्याला कामं भेटतातच."

मी विचारलं, "आणि मी नको म्हटल्यावर?"

"तू नको म्हटलंस?" त्यांनी खरोखरच आश्चर्याने विचारलं. "मला म्हणाले, सुधीर आता तयार झाला, माझी गरज नाही... शर्ट काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी आठ वाजले तरी उठले नाहीत. मला वाटलं, दमले असतील, झोपू दे. मग तसंच झालं. नऊ वाजायचे, दहा वाजायचे. शुगर वाढली, डॉक्टर म्हणाले, सकाळी चाला. कुठं चालू, म्हणायचे."

त्या रागावल्या नाहीत. एका शब्दानेही नाही. उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी त्या पडवीत रडलो. आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. मी समजत होतो, ते मला सावरताहेत. दोघं एकाच वेळी बुडत होतो आणि एकाच फळीला धरून होतो, आणि काठ दिसल्यावर मी फळी ओढून घेतली. लोक मला विचारतात, सवय लागायला किती दिवस लागतात. ती मोडली तर माणसाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या स्मरण-प्रार्थनेनंतर, वहिनींनी मला थांबवलं. कबरीवर दगड बसवायचा आहे, कारागिराला चित्र हवं आहे, तू काढून देशील का? मी हो म्हटलं. कॉम्प्युटरवर तासाभराचं काम. पण मी कागद-पेन्सिलच घेतली, आणि अकरा दिवस रोज सकाळी बसत होतो. क्रूस जमला, चौकट जमली. नावातला 'पा' लिहिला की पुढे हात चालायचा नाही.

काल कागद घेऊन गेलो. वहिनींनी चष्मा लावून तो मांडीवर पसरला. नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मधोमध घेतलंस होय?"

"हो. का?"

"थोडं डावीकडे घे. शेजारी माझ्यापुरती जागा सोड. दुसऱ्या दगडाचा खर्च कशाला..."

मी तिथेच पडवीत बसलो. खोडरबराने दादांचं नाव पुसलं, पट्टी लावली, डावीकडे पुन्हा लिहिलं. उजवीकडची जागा मोजली. रेजिना, तीन अक्षरं. वहिनी बाजूला बसून बघत होत्या. "पुरेल," त्या म्हणाल्या.