कात्री चालू असताना

मास्तरांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, तोंड मी लग्न झाल्यापासून वाकडंच बघत आलेय. थट्टा नाही करत. शिंप्याच्या घरात दिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरायच्या आणि उरलेल्या डाव्या कोपऱ्यातून बोलायचं. "खांदा उतरता आहे" म्हणायचं असलं की ऐकू येणार "हांदा उहरहा आहे". गिऱ्हाइकाला कळायचं नाही, मला कळायचं, आणि कळून माझ्याच डोक्याला ताप. "आधी टाचण्या काढा तोंडातून, मग बोला!" हे मी किती वेळा ओरडले असेन, त्याला गणती नाही. बरं, मनगटावर टाचण्या खोचायची गादी बांधलेली असते. मी स्वतः शिवून दिलेली. पण टाचणी जाणार तोंडातच. गादी काय शोभेला?

माणूस कामाचा पक्का, हे मात्र शत्रूही कबूल करेल. हे मामाच्या दुकानात काजं करता करता शिकले आणि आज त्यांनी बेतलेला कोट दुसऱ्यांदा घालून बघायला गिऱ्हाइकाला बोलवावं लागत नाही. फक्त हुशारीबरोबर हट्ट फुकट आलाय. दुकानात एकच कायदा, कात्री चालू असताना कुणी बोलायचं नाही. "कापड एकदा चुकीचं कापलं की कुणाच्या बापाला सांधता येत नाही," असं म्हणायचे. यांनी कात्री उचलली की मशीनवरचा कारागीर पाय थांबवणार, मी काजाची सुई धरून गप्प. मध्येच हे कापडाकडे नुसते बघत उभे राहणार. बराच वेळ. म्हणजे विचार चाललाय. खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकायचं.

गेल्या वर्षी एका सकाळी चहाचा कप यांच्या उजव्या हातातून सुटला. तुकडे उचलायला गेले तर बोटं मिटेनात. हात टेबलावर पडलाय आणि हे त्याच्याकडे बघतायत, जसा काही शेजाऱ्याचा हात चुकून यांच्याकडे राहिलाय. मी फडकं घेऊन येईपर्यंत हात पुन्हा ठीक.

"कपाचा कानच गुळगुळीत आहे," म्हणाले.

घ्या! दोष कपाचा. इतकी वर्षं त्याच कपातून चहा पितायत.

डॉक्टरांकडे न्यायला मला चार दिवस भांडावं लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि मग माझ्याकडे बघून बोलायला लागले. यांच्याकडे बघून उपयोग नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळलं. म्हणाले, "मेंदूकडे जाणारं रक्त अडलं होतं, आपोआप सुटलं. हात बरा झाला म्हणजे काही झालंच नव्हतं असं समजू नका. ही सूचना आहे. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही." रक्तदाबाची गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. सिगरेट बंद. मीठ कमी. दिवसभर टेबलाशी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, तेव्हा चालायलाही जायचं. आणि मला वेगळं समजावलं. हसायला सांगायचं, तोंड एका बाजूला उतरतंय का बघायचं. दोन्ही हात वर धरायला लावायचे, एखादा खाली येतोय का बघायचं. एक वाक्य बोलायला लावायचं. "यातलं एक जरी अचानक बिघडलं तर माझ्याकडेसुद्धा येऊ नका. मेंदूचा स्कॅन होतो अशा मोठ्या हॉस्पिटलात सरळ जा. जितका वेळ जाईल तितका मेंदू जाईल."

त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या घरात कवायत. हसा. हात वर. वाक्य बोला. हसायला सांगितलं की हे म्हणणार, "तुझ्याकडे बघून हसू यायला हवं ना." आणि वाक्य यांनी स्वतः निवडलं होतं, "माझी बायको फार शांत आहे." रोज तेच, अगदी स्पष्ट, डोळे मिचकावून. मला राग यायचा आणि हसूही यायचं, पण हसू मी दाखवलं नाही. दाखवलं की डोक्यावर बसतात.

सिगरेट सुटली, म्हणजे माझ्यासमोर सुटली. गोळी मात्र रोज माझ्या हातून घेत होते, पाण्याचा घोट, मान मागे. मी निश्चिंत.

मग तो दिवस आला. हॉटेलच्या वाढप्यांचे पांढरे सदरे शिवायला होते. मी बटणं लावत होते, आणि एका बटणातून सुई काही केल्या जाईना. चष्मा पुसला. उजेडाकडे धरलं. बटणाला भोकंच नाहीत! डब्यात हात घातला तर तशी आणखी बरीच. पांढरी, गोल, गुळगुळीत. अहो, रक्तदाबाच्या गोळ्या! जिभेखाली धरायच्या आणि दुकानात येऊन माझ्याच बटणांच्या डब्यात टाकायच्या. कुणाला सुचेल हो असलं? एवढी अक्कल गोळी गिळण्यात लावली असती तर!

"हे काय आहे?" मी डबा टेबलावर आपटला. कारागीर खाली मान घालून मशीनला तेल घालायला लागला.

"आता बरं वाटतंय," मास्तर म्हणाले. "बरं वाटत असताना औषध कशाला?"

"चष्मा लावून दिसतं, म्हणून चष्मा फेकून देता का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तुमचा हात गेला तर कात्री काय मी धरू?"

"तू धर! मग बघू सदऱ्याची गोणपाटं होतात का ते," असं ठणठणीत आवाजात बोलून त्यांनी कापड अंथरलं. कोटाचं, राखाडी, महागाचं. पालथ्या घड्यावर पाणी. डब्यात खरी बटणं निम्मी पण नव्हती, म्हणून ती आणायला मी तणतणत बाजारात गेले. वाटेत मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

परत आले तर दुकानात चिडीचूप. कारागिराने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मास्तर टेबलावर डाव्या हाताने रेलून उभे, उजवा हात कात्रीवर, कात्री कापडात अर्धी शिरलेली. पाठ माझ्याकडे. मी मुकाट्याने आत आले. भांडले होते तरी कायदा म्हणजे कायदा. बटणांची पुडी ठेवली, आणि हे पुडीच्या आवाजाला वळून काहीतरी बोलले. "हा... हो... हा..."

माझा पारा चढला. "अहो, आधी टाचण्या काढा तोंडातून, मग बोला!"

ते माझ्याकडे बघत राहिले. उजवा कोपरा खाली उतरलेला, नेहमीसारखाच. मी हात पुढे केला, द्या इकडे म्हणून, आणि तेव्हा माझं लक्ष मनगटाकडे गेलं. सगळ्या टाचण्या गादीत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्याच्या सगळ्या.

"हसा," मी म्हटलं. डावा ओठ हलला. "हात वर करा." डावा वर गेला. उजवा कात्रीवरून घसरला आणि लोंबत राहिला. "बोला. माझी बायको. बोला ना हो!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणजे कळत होतं सगळं, फक्त बाहेर येत नव्हतं.

"कधीपासून असे उभे आहेत?" मी कारागिरावर ओरडले.

"बराच वेळ झाला, वहिनी."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"कात्री हातात होती ना वहिनी," तो रडकुंडीला आला. "मला वाटलं, विचार करतायत."

मीही तेच समजून पुडी हळूच ठेवली होती.

आरडाओरडा ऐकून शेजारचा चपलवाला साखरपाण्याचा पेला घेऊन धावत आला. "पित्त असेल वहिनी. दोन घोट द्या, जरा पडू द्या." मी तो पेला हातातून काढून घेतला. "घशाखाली नीट उतरत नसताना पाणी पाजून मारायचंय का? पेला नको, तुमची गाडी काढा. आत्ता!" बिचाऱ्याने निमूट काढली. दोघांनी धरून यांना बसवलं. हे डाव्या हाताने मागे टेबलाकडे खुणावत होते, कापड अर्धं राहिलं म्हणून. त्या घडीलाही कापड! सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "हे शेवटचं नीट कधी बोलले?"

"मी बाजारात निघाले तेव्हा. भांडत होते. शब्द न् शब्द स्पष्ट होता."

स्कॅन झाला, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर नंतर म्हणाले, "हे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. त्या वेळेत आणलंत म्हणून माणूस हाती लागला. आणखी आधी आणलं असतं तर हातही जास्त वाचला असता." 'आणखी आधी' हे दोन शब्द माझ्या घशात अजून अडकलेले आहेत. आमचं दुकान त्या वेळात शांत होतं. शिस्तीत शांत.

आता गोळी गिळल्यावर मी जीभ उचलून बघते. लहान मुलासारखं आ करायला लावते, आणि ते निमूट करतात. वाचा बरीचशी आली आहे. उजवा हात खांद्यापर्यंत वर जातो, पण बोटांत कात्री राहत नाही. शेवटी जे मी रागाने बोलले होते तेच झालं. कात्री मी धरली. तो राखाडी कोट मीच कापून पुरा केला. मास्तर स्टुलावर बसून डाव्या हाताने खडूच्या रेघा दाखवत होते.

पहिल्या दिवशी मी कापडाला कात्री लावली आणि सवयीने सगळे थांबले. कारागिराचे पाय थांबले. मास्तरही ओठ मिटून बसले. दुकानात तीच जुनी शांतता. मला कात्री पुढे सरकवेना. मी मागे वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं?" त्यांनी अडखळत विचारलं.

"बोला काहीतरी."

"का... कात्री चालू आहे."

"असू दे. बोलत राहा. काय वाट्टेल ते बोला, पण गप्प बसू नका हो."

ते एकेक शब्द शोधत म्हणाले, "माझी... बायको... फार..." आणि पुढचा शब्द येईना. दोनदा तोंड उघडून मिटलं. मी कात्री धरून थांबले. कारागीर मशीनवर डोकं टेकून रडत होता.

"कजाग आहे," ते म्हणाले.

"हं," मी म्हटलं, आणि कापायला लागले.