जुन्या भोकातली पहार

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण सही मला येते, आणि त्या दिवशी अख्ख्या खाणीवर सही करणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांनी अंगठे लावले. सुरुंगाच्या कामात जीव कसा जपायचा हे आम्हाला सांगितलं आणि आम्हाला ते समजलं, असं त्या कागदावर होतं. मला समजलं नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाला एक-दोन वर्षं झाली होती. धरणाच्या भिंतीसाठी दगड काढायचं काम आखाडा बाळापूरच्या पुढं एका उघड्या माळावर चालू होतं. झाड नाही, दवाखाना नाही, पाणी टँकरचं. त्याच्या आधी मी बरीच वर्षं विहिरींना सुरुंग लावले. साखरा गावाकडं जाऊन विचारा, माझ्या हातच्या विहिरी अजून पाण्याला आहेत. म्हणून मुकादम मला घरी येऊन घेऊन गेला. जोडीला मी माझ्या बायकोचा धाकटा भाऊ घेतला. आईबापामागं त्याला तिनंच वाढवलेलं. निघताना ती एवढंच म्हणाली, की त्याला एकट्याला कुठं धाडू नका.

एक दिवस जीपमधून साहेब आला. वय तिशीच्या आत, पँटीला इस्तरी. त्यानं दगडाला तक्ता टेकवला आणि सगळ्यांना उन्हात बसवून सांगायला लागला. सुरुंग उडाल्यावर खडकात भोकाचं बूड राहतं, त्यात परत पहार लावायची नाही. तळाशी न उडालेला मसाला राहिलेला असतो. नवं भोक हातभर बाजूला घ्यायचं.

हे ऐकून मला राग आला. काळ्या पत्थरात नवं भोक धरणं म्हणजे मोठी तकलीफ. पहार घसरते, घण उसळतो. जुन्या बुडात पहार बसवली की वीतभर काम आयतं होतं. विहिरीवर सगळे तसंच करायचे. तांब्याभर पाणी ओतायचं, बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं, आत सुरुंगाची दारू उरली असली तर भिजून मरायची. मी बसल्या जागेवरूनच बोललो, "साहेब, तुमी शाळेत व्हते तवापासून आमी जुन्या भोकात पहार लावून राहिलो. पाणी ओतलं की दारू मरते."

माणसं हसली. साहेब पण जरासा हसला आणि पुढं काहीतरी सांगू लागला. तोवर मी शेजाऱ्याकडं तंबाखू मागत होतो. शेवटी त्यानं कागद फिरवला, त्यावरच मी ती सही केली.

दुसऱ्या दिवशी घण माझ्याकडं आणि पहार मेव्हण्याच्या हातात. त्यानं पहार जुनं भोक सोडून हातभर बाजूला टेकवली. काहून म्हणून विचारलं तर म्हणाला, "दाजी, साहेब म्हनला ना, हिरीची दारू येगळी अन् ही जिलेटीनची कांडी येगळी. कांडी पान्यानं मरत न्हाई."

"तो साहेब किती हिरी खंदला?"

"एकबी न्हाई."

"अन् मी?"

बाजूची माणसं हात थांबवून ऐकत होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "भ्या वाटत असंल तर जा, बहिनीच्या पदराखाली जाऊन बस."

त्यानं पहार उचलली आणि जुन्या भोकात ठेवली. पाणी मी माझ्या हातानं ओतलं.

चौथा घाव असेल, नाही तर पाचवा. आवाज मला आठवत नाही. डावा कान तेव्हापासून बंद आहे. मी उभा होतो म्हणून दगड मांडीत घुसले. तो पहार फिरवायला वाकलेला होता.

दगडाच्या ट्रकमध्ये घालून त्याला नांदेडला नेलं. दोन्ही डोळे गेले.

चार-पाच दिवसांनी तोच साहेब दवाखान्यात आला. सांगितलेलं असताना पहार तिथं कुणी लावली, हे त्याला लिहून न्यायचं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. पट्ट्यांच्या आतून मेव्हणा म्हणाला, "मीच लावली." का म्हणाला ते मला कळलं. दोघंही कामावरून गेलो असतो तर त्याच्या बहिणीची चूल बंद झाली असती. साहेबानं लिहिलं, साक्षीला माझी सही घेतली. सही चांगली आली.

घरी बायकोनं एकदाच विचारलं, की सांगितलं होतं तर त्यानं पहार लावलीच काहून. तो तिथंच उंबऱ्याशी बसलेला. मी म्हणालो, "तरनं रक्त. ऐकलं न्हाई."

मी परत कामावर गेलो. नवीन माणसं आली की मुकादम मला उभं करायचा. मी सांगायचो, जुन्या भोकात पहार लावू नका, माझ्या मेव्हण्यानं लावली, त्याचं काय झालं बघा. सगळे मुकाट ऐकायचे. माझ्यावर कुणी हसलं नाही.

तो आमच्याच घरात राहिला. बायको त्याला ताट वाढायची, धुणं धुवायची, आणि थकली की बोलायची, "तवा दाजीचं ऐकलं असतंस तर असा बसला नसतास." असं ती कितीदा बोलली त्याची गिनती नाही. तो जेवता जेवता थांबायचा. मी जिथं बसलेलो असेन, बराबर तिकडं तोंड करायचा. तिला उद्या सांगू म्हणता म्हणता माझे केस पिकले.

बायको गेली. तेराव्याची माणसं पांगल्यावर मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हणालो की आता मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो.

तो म्हणाला, "आता कुनाला सांगता, दाजी? जिला सांगायचं व्हतं ती मला येडा समजून गेली."

मग त्यानं काठी चाचपली आणि भिंतीला हात लावत बाहेर गेला. त्यानंतर तो आणखी चार पावसाळे जगला. आम्ही दोघंच होतो घरात. ते बोलणं पुन्हा निघालं नाही.