पेन्सिलीतला पत्ता

माझ्या वडिलांना पत्र लिहिणं कधी जमलं नाही. पाकिटं मात्र अशी रंगवत की बघत राहावं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ड्राफ्ट्समन, घरी कलावंत. नवीन तिकीट निघालं की त्याला शोभेल असं चित्र कोऱ्या पाकिटावर काढायचं, तिकीट चिकटवायचं आणि पोस्टात कारकुनाच्या विनवण्या करायच्या, "साहेब, शिक्का जरा हलक्या हातानं मारा." रविवारी संग्राहक मंडळी येत. पाकीट चिमट्यानं धरत, आईनं केलेले पोहे हाणत आणि शिक्का केसभर सरकला म्हणून हळहळत. आत एक कोरा पुठ्ठा, पाकीट वाकू नये म्हणून. पत्ता पेन्सिलीनं, म्हणजे नंतर खोडता येतो. कुणी कुणाला काही कळवायचं नाही, एवढाच त्या टपालाचा नियम होता.

मी सॉफ्टवेअर कंपनीतल्या सहकाऱ्याशी कोर्टात लग्न केलं आणि बाबांनी अबोला धरला. मी वारज्यात, ते खडकीत. वर्षभर मी फोन केला की "थांब, आईला देतो" एवढंच. आई म्हणायची, "त्यांनी बोलावल्याशिवाय येऊ नकोस गं, उगाच अपमान व्हायचा." मी म्हटलं, बोलता येत नसेल तर दोन ओळी लिहा म्हणावं. ऑफिसात सगळं जग ईमेलवर बोलत होतं आणि मी पोस्टमनची वाट बघत होते.

शेवटी पाकीट आलं. माझं नाव, पेन्सिलीत. हाताला जाड लागलं, म्हणजे चांगलं चारपानी पत्र असणार. दारातच उभ्यानं टराटरा फाडलं. आत कोरा पुठ्ठा! जळला मेला तो छंद! पोटच्या मुलीला वर्षानं काही पाठवलं, तेही संग्राहकांचं. कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा चित्र नीट पाहिलं. आमच्या क्वार्टरचं दार, सताड उघडं. उंबऱ्याशी निळ्या पट्ट्यांची माझी सँडल, शेजारी आयटीवाले घालतात तसले पांढरे बूट. मला रडू आलं आणि रागही. 'या' हे एक अक्षर लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं असतं का?

रविवारी आम्ही दोघं खडकीला गेलो. बाबांनी आधी जावयाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे, आणि त्यांचा चेहराच पडला.

"फाडलंस?"

"आत काहीतरी लिहिलं असेल असं वाटलं, बाबा."

"आत कशाला?" ते म्हणाले. "सगळं वर काढलं होतं की."